नोटीस लागल्यानंतरचे तीस दिवस

विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे असेल तर आधी एक नोटीस भरून द्यावी लागते. तिचा नमुना कायद्याच्याच दुसऱ्या अनुसूचीत छापलेला आहे. रकाने मोजके आहेत: नाव, अविवाहित आहात की विधुर, विधवा वा घटस्फोटित, व्यवसाय, वय, राहण्याचे ठिकाण, ते कायमचे नसेल तर कायमचा पत्ता, आणि सध्याच्या ठिकाणी किती दिवसांपासून राहता. धर्माचा रकाना नाही. जातीचा नाही. आईवडिलांची संमती आहे का, असा प्रश्न तर कुठेच नाही. दोन सज्ञान माणसांना एकमेकांशी लग्न करण्यासाठी एवढी माहिती पुरेशी आहे, असे १९५४ साली संसदेने ठरवले.

हाच कागद मग विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला पडेल अशा जागी लावला जातो आणि तीस दिवस थांबावे लागते.

घरच्यांच्या धार्मिक विरोधाला तोंड देत लग्न करू पाहणाऱ्या जोडप्याची सगळी गुंतागुंत या दोन गोष्टींमध्ये आहे. कायद्याने निवड पूर्णपणे त्या दोघांच्या हाती दिली आणि त्याच कायद्याने ती निवड महिनाभर चव्हाट्यावर मांडली. हक्क पक्का आहे, धोका वाटेत आहे. म्हणून या प्रकरणात मी वाटेबद्दलच जास्त लिहिणार आहे.

थोडा इतिहास आधी सांगायला हवा. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी धरलेल्या आग्रहातून १८७२ चा तिसरा कायदा झाला आणि धर्मविधीविना, नुसत्या नोंदणीने लग्न करण्याची सोय भारतात प्रथम आली. पण त्यात एक अट होती. लग्न करणाऱ्याला आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कोणीच नाही, असे लिहून द्यावे लागे. विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ मध्ये आंतरजातीय हिंदू विवाह वैध ठरवणारे विधेयक आणले. ते मंजूर झाले नाही, पण त्याला जाहीर पाठिंबा देणाऱ्या शाहू महाराजांनी १९१९ साली कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदा केला. ब्रिटिश हिंदुस्थानात हे १९२३ साली घडले. नागपुरात वकिली केलेल्या हरिसिंग गौर यांच्या दुरुस्तीमुळे हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपापसात लग्न करताना धर्म नाकारण्याची गरज उरली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत नोंदणी पद्धतीने विवाह केला, तेव्हा हीच व्यवस्था होती. हिंदू आणि मुसलमान, किंवा ख्रिस्ती आणि हिंदू अशा जोडप्याला मात्र १९५४ पर्यंत धर्म नाकारावाच लागे.

नोटिशीची मुदत १८७२ मध्ये चौदा दिवसांची होती. स्वतंत्र भारताने धर्म नाकारण्याची अट काढली आणि मुदत तीस दिवसांवर नेली. एका बाजूने दार उघडले आणि दुसऱ्या बाजूने उंबरठा वाढवला, असे मला या कायद्याबद्दल नेहमी वाटते.

आता ती नोटीस पाहून कोण काय करू शकतो ते पाहू. कलम ७ नुसार कोणीही हरकत घेऊ शकतो; वडील, काका, शेजारी, ज्याचा काही संबंध नाही असा माणूससुद्धा. पण हरकतीची कारणे कलम ४ मध्ये बांधून दिलेली आहेत. दोघांपैकी कोणाचा जोडीदार हयात आहे, कोणी मानसिक आजारामुळे संमती देण्यास असमर्थ आहे, मुलाचे वय २१ किंवा मुलीचे १८ पूर्ण नाही, किंवा दोघे निषिद्ध नात्यातले आहेत. एवढेच. ‘मुलगा दुसऱ्या धर्माचा आहे’, ‘आम्ही लग्नाला राजी नाही’, ‘मुलगी भोळी आहे, तिला फूस लावली’, ‘समाजात तोंड दाखवायला जागा राहणार नाही’ यातले एकही कारण कलम ४ मध्ये बसत नाही. अशी हरकत आली तर ती फेटाळणे हे विवाह अधिकाऱ्याचे काम आहे. हरकत नोंदवहीत लिहून, हरकतदाराला वाचून दाखवून त्याची सही घ्यायची आणि तीस दिवसांच्या आत चौकशी करून निर्णय द्यायचा, असे कायदा सांगतो. अधिकाऱ्याने लग्न लावायला नकार दिला तर तीस दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येते. हरकत खोडसाळ असल्याचे दिसले तर हरकतदाराकडून जोडप्याला एक हजार रुपयांपर्यंत भरपाई देता येते. ही रक्कम १९५४ सालची आहे. तेव्हा ती जबर होती. आज तिच्या भीतीने कोणी थांबेल असे नाही.

प्रत्यक्षात अडचण हरकतीने येत नाही. नोटीस लागली ही बातमी घरी पोहोचते, ती खरी अडचण.

बरीच जोडपी यावर उपाय म्हणून जिल्हा बदलतात. सांगलीची मुलगी पुण्यात खोली घेते, तीस दिवस राहते आणि पुण्यात नोटीस देते. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात सलग तीस दिवस वास्तव्य केलेले असले की नोटीस देता येते, हे खरे. पण कलम ६ मध्ये आणखी एक तरतूद आहे, ती अनेकांना माहीत नसते. नोटीस देणाऱ्याचे कायमचे वास्तव्य दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लावली जाते. म्हणजे पुण्यात दिलेला कागद सांगलीच्या भिंतीवर दिसतो. जागा बदलण्यापूर्वी हे ठाऊक असायला हवे.

कायद्यात जे नाही तेही कार्यालये करत आली आहेत. दिल्लीत जोडप्यांच्या घरी टपालाने नोटिसा पाठवल्या जात आणि पोलिसांकरवी पत्त्याची खातरजमा केली जाई. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही पद्धत बंद करायला सांगितली आणि यामुळे एखाद्याच्या जिवावर बेतू शकते, हे स्पष्ट नोंदवले. केरळात छायाचित्र आणि पत्त्यांसह नोटिसा संकेतस्थळावर टाकल्या जात. त्या समाजमाध्यमांवर फिरवून जोडप्यांना त्रास दिला जाऊ लागला, तेव्हा २०२० मध्ये नोंदणी विभागाने ते थांबवले. विधी आयोगाने २०१२ च्या २४२ व्या अहवालात ही तीस दिवसांची प्रतीक्षाच काढून टाकावी, अशी शिफारस केली आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये आणखी पुढे जाऊन सांगितले की नोटीस प्रसिद्ध करायची की नाही हे जोडप्याने ठरवावे. ते नको म्हणत असतील तर अधिकाऱ्याने ती लावू नये. हा निकाल उत्तर प्रदेशातल्या कार्यालयांपुरता बंधनकारक आहे. महाराष्ट्रातले जोडपे त्याचा दाखला देऊ शकते, पण इथल्या विवाह अधिकाऱ्याला तो पाळण्याची सक्ती नाही.

महिनाभर थांबण्याची भीती वाटली की माणसे दुसरा रस्ता शोधतात. आपल्याकडे तो रस्ता आळंदीला जातो. सकाळी हार, दोन साक्षीदार, आधार कार्ड, आणि दुपारपर्यंत वैदिक पद्धतीने लग्न लागल्याचे प्रमाणपत्र हातात. दोघेही हिंदू असतील, जात कोणतीही असो, आणि विधी खरोखर झाले असतील तर ते लग्न हिंदू विवाह कायद्याखाली वैध आहे. या कायद्यासाठी बौद्ध, जैन आणि शीखही हिंदूंमध्ये धरले जातात. पण एक जण ख्रिस्ती किंवा मुसलमान असेल तर? सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका हिंदू-ख्रिस्ती जोडप्याच्या प्रकरणात स्वच्छ सांगितले की हिंदू विवाह कायद्याखालचे लग्न दोन हिंदूंमध्येच होऊ शकते; तसे नसेल तर ते शून्यवत आहे. प्रमाणपत्र असल्याने त्यात फरक पडत नाही. २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने हेही सांगितले की विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या कागदाने हिंदू विवाह होत नाही. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत जी विवाहनोंदणी होते ती झालेल्या लग्नाची नोंद असते. लग्नच अवैध असेल तर ती नोंद त्याला वैध करत नाही. सत्यशोधक पद्धतीने लग्न करणाऱ्या आंतरधर्मीय जोडप्यांनीही हे ध्यानात घ्यावे. महात्मा फुल्यांची ही पद्धत सुंदर आहे, पण दोन धर्मांच्या माणसांमध्ये कायदेशीर नाते हवे असेल तर त्या समारंभाच्या जोडीला विशेष विवाह कायद्याखालची नोंदणी करावी लागते, आणि तिथेही तीस दिवसांची नोटीस आहेच.

निकाहाची गोष्ट वेगळी आहे. हिंदू स्त्रीने धर्म न बदलता मुसलमान पुरुषाशी निकाह केला तर तो विवाह शून्य नसून अनियमित ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले. मुले औरस ठरतात, त्यांना वडिलांच्या मालमत्तेत वाटा मिळतो. पत्नीला मेहर मागता येतो, पण नवऱ्याच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही. ज्या मुलीने घर सोडून हा निर्णय घेतला तिच्या वाट्याला असे अर्धवट नाते येऊ नये. म्हणून अशा वेळी मग धर्म बदलण्याचा सल्ला येतो. धर्मांतर एका दिवसात होते, निकाह किंवा आळंदीचे लग्न एका दिवसात होते, आणि नोंदणी विवाहाला महिना लागतो. ज्यांना आपापला धर्म ठेवून एकत्र राहायचे होते अशा जोडप्यांना ही नोटीसच धर्मांतराकडे ढकलते. धर्मांतराबद्दल चिंता व्यक्त करणाऱ्यांनी या तीस दिवसांविरुद्ध सर्वांत आधी बोलायला हवे, असे माझे प्रामाणिक मत आहे. त्यात आता काही राज्यांच्या धर्मांतरविरोधी कायद्यांची भर पडली आहे. उत्तर प्रदेशात धर्म बदलण्यापूर्वी साठ दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्याला कळवावे लागते. गुजरातेत २०२१ च्या दुरुस्तीतली काही कलमे, जबरदस्ती किंवा फसवणूक नसलेल्या आंतरधर्मीय विवाहांपुरती, उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगित केली. लग्नासाठी धर्म बदलण्याचा विचार असेल तर आपल्या राज्यात त्या घडीला कोणता कायदा लागू आहे, हे वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

विशेष विवाह कायद्यात मात्र धर्म जिथल्या तिथे राहतो. पारशी स्त्रीने या कायद्याखाली हिंदूशी लग्न केले म्हणजे ती पारशी राहिली नाही, असे गुजरात उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटले होते. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सुनावणीत ते प्रथमदर्शनी अमान्य केले. लग्नाने स्त्रीची ओळख नवऱ्याच्या ओळखीत विरून जात नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती.

घर सोडले की बहुतेक वेळा पुढची पायरी पोलीस ठाण्याची. वडील ‘मिसिंग’ची तक्रार देतात, कधी थेट अपहरणाची. इथे वय सगळे ठरवते. पालकांच्या ताब्यातून पळवून नेण्याचा गुन्हा अठरा वर्षांखालच्या मुलामुलींबाबत होतो. मुलगी सज्ञान असेल, स्वतःच्या मर्जीने गेली असेल आणि तसे सांगत असेल, तर बेपत्ता असल्याची तक्रार बंद व्हायला हवी. प्रत्यक्षात काय होते? ‘एकदा ठाण्यात येऊन जा, जबाब दे, मग काय करायचं ते कर,’ असा फोन येतो. ठाण्यात आई रडत असते, मामा-चुलते बाहेर गाडी घेऊन उभे असतात, आणि कोणीतरी म्हणते, ‘मुलीला दोन मिनिटं घरच्यांशी बोलू द्या.’ त्या दोन मिनिटांत अनेकींचे पुढचे आयुष्य ठरले आहे.

म्हणून हे ठाऊक असावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार साक्षीदार म्हणून स्त्रीला तिच्या राहत्या जागेशिवाय दुसरीकडे बोलावता येत नाही. ती जिथे राहते तिथे येऊन पोलिसांनी जबाब घ्यावा. दंडाधिकाऱ्यापुढे जबाब नोंदवण्याची मागणीही करता येते. सज्ञान स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध वडिलांच्या ताब्यात देता येत नाही आणि आश्रयगृहातही ठेवता येत नाही.

बेळगाव जिल्ह्यातल्या मुरगोड ठाण्याशी संबंधित एका प्रकरणात ठाण्यात येण्याचा असाच आग्रह धरला गेला. प्राध्यापिका असलेली मुलगी घरी न सांगता दिल्लीला गेली, तिने लग्न केले आणि विवाहाचे प्रमाणपत्र घरच्यांना पाठवले. तरी तपास अधिकारी तिने ठाण्यात येऊनच जबाब द्यावा म्हणून अडून बसला. न आल्यास नवऱ्यावर अपहरणाचा गुन्हा दाखल होईल, असेही तिला सांगितले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ८ फेब्रुवारी २०२१ रोजी ते प्रकरण रद्द केले, त्या अधिकाऱ्यालाच समुपदेशनाला पाठवावे असे सुनावले, आणि अशी प्रकरणे कशी हाताळावीत याचे प्रशिक्षण पोलिसांना द्या, असे सांगितले. त्या निकालात आंबेडकरांच्या ‘जातिनिर्मूलन’ या भाषणातला, जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह आहे, हा विचार न्यायालयाने उद्धृत केला आहे.

या निकालामागे पंधरा वर्षांची परंपरा आहे. २००६ मध्ये लता सिंग प्रकरणात न्यायालयाने सांगितले की सज्ञान व्यक्ती हवे त्याच्याशी लग्न करू शकते. आईवडिलांना पटले नाही तर ते फार तर संबंध तोडू शकतात, धमकावू किंवा मारू शकत नाहीत. केरळच्या हदिया प्रकरणात उच्च न्यायालयाने मे २०१७ मध्ये चोवीस-पंचवीस वर्षांच्या शिकलेल्या मुलीचे लग्न रद्द ठरवून तिला वडिलांच्या ताब्यात दिले होते. ती कित्येक महिने घरात होती. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तिचे म्हणणे तिच्याच तोंडून ऐकले, तिला सेलमच्या होमिओपॅथी महाविद्यालयात परत पाठवले आणि मार्च २०१८ मध्ये तिचे लग्न पुन्हा वैध ठरवले. त्याच महिन्यात शक्ति वाहिनी निकालाने प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष, चोवीस तास चालणारी मदतवाहिनी आणि जोडप्यांसाठी सुरक्षागृहाची व्यवस्था करण्यास राज्यांना सांगितले.

महाराष्ट्राचा अनुभव संमिश्र आहे. वाळीत टाकण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करणारे हे राज्य आहे. जात पंचायतीने किंवा समाजाच्या मंडळाने लग्नामुळे कुटुंबावर बहिष्कार घातला तर जुलै २०१७ पासून लागू असलेल्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय विवाह-परिवार समन्वय समिती नेमून अशा जोडप्यांची माहिती गोळा करायला घेतली. सुरुवातीला त्यात आंतरजातीय विवाहही होते, टीका झाल्यावर ते वगळले. स्वखुशीने लग्न केलेल्या सज्ञान माणसांची यादी सरकारने का करावी, याचे समाधानकारक उत्तर मला त्या निर्णयात सापडले नाही.

नोटीस देण्यापूर्वीची तयारी साधी आहे, पण ती आधीच करावी लागते. शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार घरच्यांच्या कपाटात असतील तर दाखल्याची दुय्यम प्रत शाळेतून मिळते, आधार डिजिलॉकरवर असते. दोघांनी आपापल्या हाताने, आपण सज्ञान आहोत आणि स्वखुशीने लग्न करत आहोत, असे पत्र तारीख घालून लिहावे. ते पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना द्यावे, पोच घ्यावी आणि एक प्रत वकिलाकडे ठेवावी. धोका खरा असेल तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात संरक्षण मागता येते. कोणी डांबून ठेवले तर देहोपस्थितीची याचिका जोडीदार किंवा मैत्रीणही करू शकते. वकिलाची फी हा अनेकांचा अडथळा असतो. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करायचा.

तीस दिवस सरले की तीन साक्षीदार लागतात. हे लग्न न्यायालयात नव्हे, विवाह अधिकाऱ्यापुढे लागते. दोघांनी घोषणापत्रावर सही करायची आणि दोघांना कळेल अशा भाषेत एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचे तोंडाने म्हणायचे. मराठीत म्हटले तरी चालते. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत हे झाले नाही तर नोटीस बाद होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. गोव्यात ही सगळी व्यवस्था वेगळी आहे. पोर्तुगीज काळापासून तिथे कोणत्याही धर्माच्या माणसाचे लग्न नागरी निबंधकाकडे नोंदवले जाते, आणि वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते.

मालमत्तेचा विषय जोडपी पुढे ढकलतात आणि नातेवाईक नेमका तोच आधी काढतात. लग्नानंतर वर्तमानपत्रात एक जाहीर नोटीस येते: अमुक मुलीशी आमचा यापुढे कोणताही संबंध नाही, आमच्या मालमत्तेत तिचा हक्क नाही. वडील आपली स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात, पण वडिलोपार्जित मालमत्तेतला मुलीचा हिस्सा जाहिरातीने बुडत नाही. महाराष्ट्रात तो १९९४ पासून आहे, देशभर २००५ पासून. हिंदू व्यक्तीने विशेष विवाह कायद्याखाली दुसऱ्या धर्मात लग्न केले तर ती एकत्र कुटुंबातून विभक्त मानली जाते. तिचा हिस्सा वेगळा होतो, नाहीसा होत नाही. तिने धर्म बदलला तरी तिचा स्वतःचा वारसाहक्क जात नाही. हा हक्क १८५० च्या कायद्यानेच राखला होता. धर्मांतरानंतर जन्मलेल्या, हिंदू नसलेल्या मुलांना मात्र हिंदू आजोळच्या नातेवाइकांकडून वारसा मिळत नाही.

या जोडप्याच्या स्वतःच्या मालमत्तेला मग १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. नवरा मृत्युपत्र न करता वारला आणि मुले असली तर पत्नीला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश मुलामुलींना सारखे. मुसलमान वैयक्तिक कायद्यात मुले असलेल्या विधवेला एक अष्टमांश मिळतो, त्या तुलनेत हे बरेच जास्त आहे. मुले नसतील तर पत्नीला अर्धे आणि उरलेले अर्धे नवऱ्याच्या नातेवाइकांकडे जाते, म्हणजे ज्यांनी लग्नाला विरोध केला त्यांच्याकडेही. हे टाळायचे तर लग्न झाल्यावर लगेच दोघांनी मृत्युपत्रे करावीत. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात आणि नोंदणी ऐच्छिक असली तरी विरोध असलेल्या घरांत ती करून घ्यावी. बँक, विमा आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यांवरचे आईवडिलांचे नामनिर्देशनही त्याच आठवड्यात बदलावे.